स्वच्छ पाण्यातली तिसरी पिढी

४ जानेवारी
(पाठवलं)

धाकटीस,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांनी पहिलं पत्र लिहायचं तर त्यातले पहिलेच दोन शब्द खोटे नकोत.

तुझं पत्र आईच्या नावाने आलं, पण मजकूर माझ्यासाठी आहे हे तिला दुसऱ्या ओळीतच कळलं. तिने चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तिच्या उवा मेल्यात," म्हणाली. "तुझ्याकडे आहेत ना? दे की चार." कोपेपॉड हा शब्द आईने आजवर एकदाही उच्चारलेला नाही. झिंग्यांचे हे दूरचे भाऊबंद, टाचणीच्या डोक्याहून लहान. आपण दोघींनी उमेदीची वर्षं घातली ती यांच्यावर, आणि तिच्या लेखी या उवाच.

तुझ्या पत्रातून मला समजलं ते असं. डिसेंबरात तुमच्या विभागात जोपासलेलं कोपेपॉडचं सगळं कल्चर दोन आठवड्यांत गेलं. आठ एप्रिलला समिती येणार. त्या दिवशी फ्लास्कमध्ये अंडी घालणारे, वाढणारे कोपेपॉड दिसले, तर यापुढे सगळ्या मत्स्यबीज केंद्रांत माशांच्या पिल्लांचं हे खाद्य तुझ्याच पद्धतीने वाढवलं जाईल. दिसले नाहीत तर प्रस्ताव बारगळेल, आणि तुझं विभागप्रमुखपदही बहुधा डळमळेल. आपण दोघींनी धक्क्याच्या पायऱ्यांवरून खरवडून आणलेली ती जात आता फक्त माझ्याकडे, मी काम करते त्या मत्स्यबीज केंद्राच्या मागच्या खोलीत उरली आहे.

देईन. तू लिहिलं आहेस तसं, 'एकही जीवाणू नसलेलं, पूर्ण निर्जंतुक' करून देईन. सोबतचं शैवालही तसंच. त्याला सहा आठवडे लागतील, कारण मी घाई करत नाही.

आईची तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो. खाली तिच्यासाठी जागा सोडली आहे, तिला काय लिहायचं ते ती लिहील.

ताई

१६ जानेवारी
(पाठवलं नाही)

मी जे करते आहे ते तुला कळू नये, पण कुणाला तरी कळावं, अशी माझी अडचण आहे. म्हणून तुलाच लिहिते आणि फाइलमध्ये ठेवून देते.

काम तुला माहीत आहे, पण ते तू स्वतः किती दिवसांत केलेलं नाहीस कोण जाणे. अंडी बाळगणारी मादी काचेच्या खोलगट पट्टीवर घ्यायची. भिंगाखाली बारीक सुईने अंड्यांची पिशवी सोडवायची. ती उकळून गाळलेल्या समुद्राच्या पाण्याच्या एका थेंबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी नऊ थेंबांतून धुवायची. मग प्रतिजैविकात. मग पिल्लं बाहेर पडण्याची वाट बघायची आणि त्यांच्या पाण्याचा एक ओरखडा जेलीच्या ताटलीवर ओढायचा. ताटलीवर ठिपका उगवला, की सगळं फेकून पहिल्यापासून. माझी पहिली खेप अशीच गेली. दोन दिवसांनी ताटलीवर दोन पांढरे ठिपके होते. मी ती खेप ओतून दिली आणि पुन्हा सुई हातात घेतली. इतक्या निगुतीने मी नऊ वर्षांत काही केलेलं नाही.

तुझ्या प्रबंधात एक बाण आहे. शैवालाकडून निघतो आणि कोपेपॉडपाशी थांबतो. शैवाल खातात, जगतात, विषय संपला. मी तेव्हा तुला सांगत होते की बाण नाही, रिंगण आहे. शैवालातून साखर झिरपते, ती जीवाणू खातात. त्या बदल्यात शैवालाला स्वतः बनवता न येणारं जीवनसत्त्व जीवाणू देतात. कोपेपॉड दोघांनाही खरवडून खातात. त्यांची विष्ठा तळाशी पडते, तिच्यावर पुन्हा जीवाणूंचा लेप चढतो, आणि ते मागे वळून तोच लेप खातात. हा शेवटचा भाग एकदा आईला सांगितला, तेव्हा तिने तोंड वाकडं केलं.

"स्वतःचंच?"

"तसं नाही गं. त्याच्यावर जे उगवतं ते."

"म्हणजे पातेल्याला धरलेलं खरवडून खाणं," आई म्हणाली. "मग बरोबर आहे. सगळं सत्त्व तिथेच असतं."

नऊ वर्षांपूर्वी माझी चौकशी करणाऱ्या समितीतल्या पाच जणांना जे समजलं नाही ते आईला तेवढ्यात समजलं.

तर जीवाणू काढून टाकले की काय होतं, तेही लिहून ठेवते. मी शैवालाला ते जीवनसत्त्व बाटलीतून घालते, म्हणून शैवाल हिरवंगार राहतं, उलट आणखी देखणं दिसतं. पहिली पिढी झकास वाढते, कारण तिच्या आईने अंड्यात भरून दिलेली शिदोरी तिला पुरते. दुसरी जरा लहानखुरी, पण अंडी घालते. तिसरी पिढी कात टाकायच्या वेळी थांबते. रोग दिसत नाही, वास येत नाही, पाणी आरशासारखं. भिंगाखाली बघावं तर आतडं हिरव्या शैवालाने गच्च भरलेलं, आणि जीव उपासमारीने मेलेला.

पहिली पिढी माझ्याकडे वाढेल. दुसरी तुझ्याकडे जन्मेल. तिसरी मार्चच्या मध्यात.

यात मी खोटं कुठे बोलते आहे ते बारा दिवस शोधते आहे. तू निर्जंतुक मागितलंस, मी निर्जंतुक देते आहे. तुझी पद्धत तुझी आहे, मी तिच्यातलं अक्षरही बदललेलं नाही. कागदावर मला दोष सापडत नाही. पण काम करताना माझे हात खूश असतात. परवा तर मी गुणगुणत होते. तेव्हा उत्तर मला माहीत आहे. तरी थांबणार नाही.

१८ फेब्रुवारी
(पाठवलं, खोक्यासोबत)

धाकटीस,

खोक्यात चार बाटल्या आहेत. दोन कोपेपॉडच्या, दोन शैवालाच्या. प्रत्येक बाटली तीन वेगवेगळ्या ताटल्यांवर तपासली आहे, एकाही ताटलीवर ठिपका नाही. ताटल्यांचे फोटो जोडले आहेत. माद्यांना अंडी आहेत, दोन दिवसांत पिल्लं सुटतील.

तुझ्या छापील पद्धतीतली पानं सतरा ते एकवीस जशीच्या तशी पाळ. बाटल्या फक्त वाहत्या हवेच्या कपाटात उघड, पाणी दोनदा उकळलेलं घे, प्रतिजैविकाचा रोजचा थेंब चुकवू नकोस. तू लिहिलं आहेस त्यात माझी भर काही नाही.

आईने खोक्यात तुझ्यासाठी लोकरीचे मोजे घातले होते. ते बाहेर काढून वेगळे पाठवते आहे. लोकरीतून काहीही येऊ शकतं.

ताई

५ मार्च
(पाठवलं नाही)

आज तुझा फोन आला, आईच्या फोनवर. आईला फोन कानाला लावायचा कंटाळा, ती तो टेबलावर ठेवून सगळ्या घराला ऐकवते. मी कणीक मळत होते. माझे हात कोपरापर्यंत पिठात होते, त्यामुळे उठून जाता आलं नाही.

"आई, ताईला सांग, सगळ्या माद्यांना अंडी धरलीत. सगळ्या म्हणजे सगळ्या."

"बाळंतपणाला कोण आहे?" आई म्हणाली.

तू हसलीस. तुझं हसणं बदललेलं नाही. शेवटी श्वास आत ओढतेस तो तसाच.

"ताई ऐकतेय का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाही नक्की सांगता येणार नाही. "ऐकतेय," आई म्हणाली, "पण हात पिठात आहेत."

"ताई, थँक्यू," तू म्हणालीस. मग जरा थांबून, "खरंच."

फोन बंद झाल्यावर आईने तो पदराने पुसून बाजूला ठेवला. "नऊ वर्षांनी थँक्यू आलं," म्हणाली, "आणि तू कणकेला बुक्क्या मारतेस."

मी आज दुपारभर स्वतःला त्या खोलीत पुन्हा नेऊन बसवलं. मुद्दाम. डगमगायला लागले की मी हेच करते. नऊ वर्षांपूर्वीच्या चौकशीची, दुसऱ्या मजल्यावरची लांब टेबलाची खोली. अध्यक्षांसमोर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला. तू प्रबंध द्यायच्या अकरा दिवस आधी, तू माझ्याकडे सांभाळायला दिलेल्या सहापैकी पाच फ्लास्क तिसऱ्या पिढीत मेले होते. सहाव्यात मी जुन्या, न धुतलेल्या फ्लास्कमधला चमचाभर तपकिरी गाळ घातला होता, आणि तो जगला होता. मी वही घेऊन तुझ्याकडे आले होते. तू भांडी घासत होतीस. मी वही नळापासून लांब धरली, आणि तू ओल्या हातांनी पान न उलटता म्हणालीस, "ताई, कुठूनतरी घाण गेली असेल गं." मी म्हटलं, घाणीनेच तर वाचवलं. तू नळ मोठा केलास.

पाच फ्लास्क का मेले याची चौकशी लागली. अध्यक्षांनी विचारलं, हे फ्लास्क कुणाच्या हाताखालून गेले? तू समोरच्या कागदाकडे बघत म्हणालीस, "ताईंच्या." आयुष्यात पहिल्यांदा तू मला अहोजाहो केलंस. अहवालात चार शब्द आले: 'हातांना पुरेशी शिस्त नाही.' माझी वही कुणी मागितली नाही. सहाव्या फ्लास्कबद्दल कुणी विचारलं नाही, कारण तुझ्या यादीत तेव्हा पाचच फ्लास्क होते.

त्या चार शब्दांनंतर मला कुठल्याही प्रयोगशाळेने दारात उभं केलं नाही. इथे मत्स्यबीज केंद्रात घेतलं, कारण इथे माशांची पिल्लं जगली म्हणजे झालं, कशी जगली ते कुणी विचारत नाही.

तुला तेव्हा माहीत होतं का? हा प्रश्न मी डायरीत किती वेळा लिहिला असेल. माहीत असून बोललीस, की माहीत करूनच घेतलं नाहीस? यातलं कमी वाईट कोणतं तेही मी ठरवू शकलेले नाही. आज थँक्यू ऐकताना क्षणभर वाटलं, फोन उचलून सांगावं, एक चमचा जुना गाळ घाल, अजून वेळ आहे. खरोखर वेळ होता. मी पीठ मळून पुरं केलं.

१९ मार्च
(पाठवलं)

धाकटीस,

तुझे तीन फोन येऊन गेले. मी पंपाच्या खोलीत होते, तिथे ऐकू येत नाही. म्हणून लिहिते.

पिल्लं कात टाकत नाहीत, तळाशी पडून राहतात, पोट मात्र भरलेलं दिसतं, असं तू आईला सांगितलंस. काय करू, असं विचारलंस. याचं उत्तर तुझ्याच पद्धतीच्या विसाव्या पानावर आहे: 'वाढ मंदावल्यास दूषिततेची शक्यता गृहीत धरून धुण्याच्या फेऱ्या दुप्पट कराव्यात, पाणी रोज बदलावं, प्रतिजैविकाचं प्रमाण वाढवावं.'

त्यात बदल सुचवायचा मला अधिकार नाही. तसं मला नऊ वर्षांपूर्वी लेखी कळवण्यात आलं होतं.

मी नव्याने पाठवू शकत नाही. पुन्हा सहा आठवडे लागतील, आणि तुझ्याकडे तीनही नाहीत.

ताई

२८ मार्च
(पाठवलं नाही)

वरचं पत्र पेटीत टाकून आले त्या दिवशी मला गाढ झोप लागली. हेही लिहून ठेवते.

तू काय करशील ते मला ठाऊक होतं. तू लहानपणापासून घाबरलीस की घासतेस. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू कंपासपेटी धुवायचीस. ही पिल्लं अशक्त दिसली की तू आणखी धुणार, आणि जितकं धुशील तितकी ती उपाशी मरतील. माझ्या सुडाचा अर्धा भाग मी तुझ्यावरच सोपवला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज लिहिलं नसतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, तुमचा नंबर खोक्यावर होता. मी तुमच्या बहिणींच्या विभागात तंत्रज्ञ आहे. सांडलेलं टिपायला मीच असते, म्हणून मला तिथे सगळे टीपकागद म्हणतात. तुम्ही पाठवलेलं कल्चर..." ती थांबली. "ते माझ्या हातून गेलं."

मी म्हटलं, तुमच्या हातून कसं?

"मॅडम म्हणतात, हातांना शिस्त नाही."

मी डबा बंद केला.

ती भराभर बोलत होती, वेळ मोजून बोलावं तशी. दिवसातून अकरा वेळा हात धुते. कातडी सोलली आहे, रबरी हातमोज्यात आग होते. नखं इतकी कापली की सुई धरता येत नाही. आठ तारखेला समितीपुढे लेखी खुलासा द्यायचा आहे. तिची नेमणूक कंत्राटी आहे, एका सहीने संपेल. आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "एक सांगू का? रागावणार नाही ना? आधीचं कल्चर मी सहा वर्षं सांभाळलं. पाणी बदलताना मी सगळं उपसत नव्हते. तळाला ओंजळभर जुनं ठेवायचे. नियमात बसत नाही, माहीत आहे. पण सगळं उपसलं की बिचारी बावरतात असं वाटायचं. ऑक्टोबरअखेर समितीचं पत्र आलं, मॅडमनी फ्लास्कच काय, फळ्यासुद्धा उकळत्या पाण्याने धुऊन घेतल्या. तेव्हापासून लागलंय हे."

मला हसू फुटलं. ते मी कसंबसं दाबलं. म्हणजे तुझी पद्धत तुझ्याच विभागात एक दिवसही चाललेली नाही. सहा वर्षं तुझी कीर्ती एका बाईने गुपचूप तळाला ठेवलेल्या ओंजळभर घाण पाण्यावर उभी होती. मला उकळ्या फुटत होत्या. एवढा आनंद मला माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्रानेही झाला नव्हता.

त्या आनंदात ती काय विचारते आहे ते मला उशिरा ऐकू आलं.

"मॅडम, माझी विचारायची पायरी नाही. पण तुमच्या बाटलीतच काही कमी होतं का?"

मी म्हटलं, "बाटली स्वच्छ होती."

"हो ना," ती म्हणाली. "मग माझंच काहीतरी चुकलं." आणि फोन ठेवण्याआधी तिने माझे आभार मानले.

बाटली स्वच्छ होती. या वाक्यात एकही अक्षर खोटं नाही. तू त्या खोलीत 'ताईंच्या' म्हणालीस त्यातही एकही अक्षर खोटं नव्हतं. फ्लास्क माझ्याच हाताखालून गेले होते.

मी डबा उघडला, पण जेवले नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. पहिल्या पत्रापासून. ऐकताना गुडघ्यावरचा तिचा हात फिरायचा थांबला. शेवटी म्हणाली, "दोन पोरी शिकवल्या, आणि दोघी उवांवरून एकमेकींचा जीव घेतायत." मला वाटलं आता ती रडेल, किंवा तुझी बाजू घेईल. तिने विचारलं, "आणि त्या तिसरीचं काय?"

मी म्हटलं, तिला नाही गं मारायचं होतं मला.

"तुझ्या बहिणीला तरी तुला कुठे मारायचं होतं? तिला पास व्हायचं होतं."

आईने तुझी बाजू घेतली नाही. फक्त माझ्या पायाखालची सतरंजी ओढली.

७ एप्रिल
(माणसाच्या हाती, आधीच्या सर्व पत्रांसह)

धाकटीस,

या पाकिटात जानेवारीपासून तुला लिहिलेली सगळी पत्रं आहेत. जी मिळाली त्यांच्या प्रती, आणि जी मिळाली नाहीत तीही. तारखेप्रमाणे लावली आहेत. आधी ती वाच, मग हे.

वाचून झाली असतील तर तुला कळलंच आहे की तुझं कल्चर मी मारलं. तुझ्या तंत्रज्ञ बाईने नाही. हे मी उद्या अकरा वाजता समितीपुढे सांगणार आहे. अध्यक्षांना तसं कळवलं आहे, त्यांनी पंधरा मिनिटं दिली आहेत. नऊ वर्षांपूर्वीची वही आणते आहे. या जानेवारीपासूनच्या ताटल्यांचे फोटो आणते आहे. आणि मी तुला पाठवली त्याच खेपेतली दोन भावंडं आणते आहे: एक बाटली निर्जंतुक ठेवलेली, जिच्यात तिसरी पिढी मेली, आणि एक जिच्यात सहा मार्चला, तुझा फोन येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी जुना गाळ घातला. पाचवी पिढी चालू आहे. पाच मार्चला मी कणीक मळून पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन हे केलं. तुला सांगितलं नाही, पण तुझं हसणं ऐकल्यावर कुठेतरी कुणीतरी जगायला हवं असं वाटलं. आता ते पुरावा म्हणून उपयोगी पडतंय. म्हणजे दया होती की तयारी, हे मला सांगता येत नाही. दया होती असं मी शपथेवर सांगणार नाही.

इथल्या केंद्रप्रमुखांना आज सांगितलं. राजीनामाही पुढे केला. ते चहा पीत होते. "म्हणजे तुम्ही मुद्दाम चांगलं पाणी पाठवलंत," म्हणाले. मी म्हटलं, हो. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "हे मला नीट समजलेलं नाही. उद्या तिकडे काय म्हणतात ते बघू, मग द्या."

टीपकागदलाही काल फोन केला. तिला बाटलीत खरंच काय कमी होतं ते सांगितलं. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मॅडम, मी पंधरा दिवस हात धुतेय." एवढंच. तुझ्याशी भांडायला माझ्याकडे नऊ वर्षांचे शब्द आहेत. तिला द्यायला एकच होता, माफी. ती मागितली. तिने ती घेतली नाही, आणि बरोबर केलं.

आता तुझ्याबद्दल.

मी सांगून झाल्यावर अध्यक्ष तुझ्याकडे वळतील. तुला एकच विचारतील: निव्वळ स्वच्छ शैवालावर हे प्राणी तिसऱ्या पिढीत मरतात का?

तू 'हो' म्हणालीस तर मी गुन्हेगार ठरते, आणि ठरायलाच हवं. ती बाई सुटते. पण मग तुझा प्रबंध, तुझी पद्धत, तुझं पान सतरा ते एकवीस चुकीचं ठरतं, आणि नऊ वर्षांपूर्वी तुझ्या यादीत सहावा फ्लास्क का नव्हता हेही तुला सांगावं लागतं.

तू 'नाही' म्हणालीस तर माझ्यावर कसलाच आरोप राहत नाही. मी तुला तुझ्या मागणीप्रमाणे उत्तम माल दिला, आणि एका विक्षिप्त बाईने येऊन भलतंच कबूल केलं. तुझी पद्धत शाबूत राहते. मग कल्चर मेलं त्याचं खापर ठेवायला टेबलाच्या त्या टोकाला एकच माणूस उरतो. तिचे हात टेबलावर असतील. ते तुला बघावे लागतील. मी तिला हातमोजे घालू नका असं सांगितलं आहे.

हो, यातही सूड आहे. तो मी उद्यासाठी जपून ठेवला होता असं नाही. आईच्या त्या प्रश्नानंतर कबुलीचा रस्ता शोधायला गेले, आणि त्या रस्त्याच्या टोकाला तूच उभी दिसलीस. मला वाईट वाटलं नाही. मी स्वतःला तपासलं, दोनदा. वाईट वाटलं नाही.

काही न कळवता मी उद्या त्या खोलीत शिरू शकले असते. तुझा चेहरा बघायची मला फार इच्छा होती. ते टाळलं, ते तुझ्यावर दया म्हणून नाही. नऊ वर्षांपूर्वी अचानक विचारल्यामुळे तू गोंधळलीस, तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला समजावत आले आहे. ती पळवाट मी तुझ्यासाठी नऊ वर्षं उघडी ठेवली होती. आता बंद करते आहे. उद्या तू जे बोलशील ते तू ठरवून बोललेलं असेल.

आई बरोबर येते आहे. तिला म्हटलं, आत सोडणार नाहीत. "मी कशाला आत येऊ," म्हणाली. "दाराबाहेर बाकावर बसते. बाहेर येशील तेव्हा ती तुझ्याशी बोलत असली तर दोघींना घेऊन घरी जाईन. नसली तर त्या तिसरीला घेऊन जाईन. तुम्ही दोघी आपापल्या या."

तुझ्याकडे उद्या अकरापर्यंतचा वेळ आहे. मला तेवढाही मिळाला नव्हता.

ताई